कोथरूडमधील एक मेडिकल : सवलत बेताची, चौकशी भरपूर

कर्वे रस्त्यावरून डहाणूकर कॉलनीकडे वळल्यावर आतल्या गल्लीत जे औषधांचे दुकान लागते, तिथून आमच्या घरची औषधे गेली अकरा वर्षे येत आहेत. दुकान दहा बाय बारा फुटांचे असेल. बाहेर एक लाकडी बाक, आत भिंतीवर परवाना आणि फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र, मागे औषधांसाठीचा स्वतंत्र फ्रीज, आणि सवलत दहा टक्के. तीही मागितली तर. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण औषधाच्या दुकानाची जाहिरात होऊ नये, असे ते चालवणाऱ्या फार्मासिस्ट ताईंचे स्पष्ट मत आहे. परिसरातल्या वाचकांना एवढ्या वर्णनावरून दुकान ओळखता येईल आणि इतरांना ते ओळखण्याची फारशी गरज नाही. आपापल्या मेडिकलकडे कोणत्या नजरेने पाहावे, एवढे यातून मिळाले तरी पुरे.

सवलतीचा विचार केला तर हे दुकान मागे पडते. मोबाइलवरून मागवलेली औषधे वीस टक्के स्वस्त पडतात आणि घरपोच येतात. तरीही सासूबाईंची थायरॉइडची आणि झोपेची गोळी आणि यजमानांचे इन्सुलिन मी येथूनच आणते, याचे कारण गेल्या दीड-दोन वर्षांत औषधांविषयी ज्या बातम्या एकामागून एक आल्या, त्यांचा आमच्या घरातल्या डब्याशी नेमका काय संबंध आहे, हे मला या काउंटरवर कळले. वर्तमानपत्रातून ते कळले नाही आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरून तर मुळीच नाही.

काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात एक निळी पुठ्ठ्याची फाइल असते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला प्रयोगशाळेत नापास झालेल्या औषधांची यादी जाहीर करते, राज्याचे अन्न व औषध प्रशासन प्रसंगानुसार परिपत्रके काढते आणि गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून दुष्परिणामांविषयी सूचना येतात. ताई या सर्वांच्या छापील प्रती फाइलला लावतात आणि आपल्या दुकानात असलेल्या औषधाच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारतात. आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून ही फाइल चाळण्याची मला सवय लागली आहे. ती इंग्रजीत आहे आणि काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवलेली असते, ही तक्रार मी ताईंकडे दोनदा केली. तिसऱ्यांदा येथे लिहून ठेवते.

या फाइलचा खरा उपयोग मला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये समजला. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. कांचीपुरम जिल्ह्यातल्या एका कारखान्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले होते; या द्रव्याची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. पातळ औषधात घटक विरघळवण्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचा द्राव वापरतात. तो औषधी दर्जाचा न घेता स्वस्तातला औद्योगिक दर्जाचा घेतला आणि वापरण्यापूर्वी तपासला नाही, तर त्यातून हे विष बाटलीत उतरते आणि मुलांची मूत्रपिंडे निकामी करते. २०२२ साली गांबियात झालेल्या मुलांच्या मृत्यूंच्या वेळीही भारतात बनलेल्या सिरपमध्ये हेच द्रव्य आढळले होते. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचचा वापर तात्काळ थांबवण्याचे आवाहन केले.

ते सिरप ताईंच्या दुकानात कधीच नव्हते. त्यामुळे त्यांनी हात झटकले असते तरी कोणी बोल लावला नसता. त्यांनी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांची बिले काढून मुलांचे खोकल्याचे कोणतेही औषध नेलेल्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. मलाही आला. “काकू, ऑगस्टमध्ये तुम्ही सर्दी-खोकल्याचे सिरप नेले होते, ती बाटली शिल्लक आहे का? त्या औषधात दोष नाही, ते कुठल्या यादीतही नाही. पण गणपतीत तुमचा नातू पाहिला, तो तीन वर्षांचा असेल ना? त्याला ते देऊ नका.” त्या सिरपमध्ये असलेले क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघालेला होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना ती सर्वसाधारणपणे टाळावीत, अशी सूचना केली. बाटली माझ्याकडे होती. इशारा तिच्यावर छापलेलाही होता, भिंग घेतल्यावर दिसेल एवढ्या अक्षरात. सिरप नेताना मी ‘घरच्यासाठी’ असे मोघम सांगितले होते आणि काउंटरवर त्या वेळी मदतनीस मुलगा होता. त्याने वय विचारले नाही आणि मी सांगितले नाही. दुकानाच्या खात्यावर ही चूक मांडायची तर अर्धी माझ्याही खात्यावर मांडावी लागेल.

त्याच आठवड्यात माझ्यासमोर एक तरुण वडील मुलाला कडेवर घेऊन आले आणि ‘मागच्या वेळचेच’ सिरप मागू लागले. ताईंनी मुलाचे वय विचारले, ताप किती दिवस आहे ते विचारले, मुलाचा श्वास जलद चालतो का, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का, याची चौकशी केली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सिरप देण्यास नकार दिला. गृहस्थ रागावून पुढच्या दुकानात गेले. परतताना त्यांच्या हातात पिशवी होती. ताई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशीच्या गल्ल्यात तेवढे पैसे कमी पडले, इतकेच.

आता स्ट्रिप कापण्याविषयी. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, परंतु माझ्या मते औषधाच्या दुकानाची परीक्षा घेण्याची याहून सोपी रीत नाही. आपल्याकडे दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून देण्याची पद्धत आहे आणि ती सोयीची आहे. पाच दिवसांच्या दुखण्यासाठी पंधरा गोळ्या विकत घ्याव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख बहुतेक स्ट्रिपवर एकाच टोकाला छापलेली असते, त्यामुळे कापताना कोणातरी एका गिऱ्हाइकाच्या पदरात बिननावाच्या, बिनतारखेच्या गोळ्या पडतात. ताई नेहमी छपाई नसलेल्या टोकाकडून कापतात, कापलेल्या गोळ्या कागदी पाकिटात घालतात आणि पाकिटावर औषधाचे नाव, बॅच आणि मुदत हाताने लिहितात. शिवाय संगणकाच्या बिलावर या तिन्ही गोष्टी येतात त्या वेगळ्याच.

याचे महत्त्व मला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पटले. त्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय यादीत ५० हून अधिक नमुने नापास ठरले होते आणि त्यांत आम्लपित्तावरची पॅन-डी, कॅल्शियमची शेलकॅल ५०० अशी घराघरांत असलेली नावे होती. सोसायटीच्या गटावर ‘सरकारने बंद केलेली औषधे’ या मथळ्याखाली ती यादी फिरू लागली आणि सासूबाईंनी त्या रात्रीपासून कॅल्शियमची गोळी थांबवली. वस्तुस्थिती निराळी होती. मासिक यादीत नाव आले म्हणजे ते औषध बंद झाले, असा अर्थ होत नाही. बाजारातून उचललेला एका विशिष्ट बॅचचा नमुना एखाद्या चाचणीत उतरला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. कधी गोळी ठरलेल्या वेळात विरघळत नाही, कधी मूळ घटक नोंदवलेल्या प्रमाणापेक्षा कमी भरतो, तर कधी नमुना मुळात बनावट निघतो. या प्रकरणातही संबंधित कंपन्यांनी ते बॅच आपण बनवलेलेच नाहीत, असे सांगितले होते. म्हणजे घाबरायचे की नाही, हे ठरवण्याचा एकमेव आधार म्हणजे आपल्या हातातल्या स्ट्रिपवरचा क्रमांक, आणि तोच कापताना फेकला गेला असेल तर यादी वाचून उपयोग काय? मी पाकिटावरचा क्रमांक फाइलमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तो वेगळा होता. सासूबाईंची गोळी पुन्हा सुरू झाली.

ज्या घरपोच सेवेतून मी काही महिने औषधे मागवली, तिच्या बाबतीत माझी तक्रार नेमकी येथेच आहे. तीन स्ट्रिप आल्या, त्या दोन निरनिराळ्या बॅचच्या होत्या आणि बिलावर क्रमांक एकच होता. ग्राहक सेवेला कळवल्यावर दिलगिरी आणि पन्नास रुपयांचे कूपन मिळाले. बिल दुरुस्त करून मिळाले नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक झाला आहे. तो मोबाइलने वाचला की औषधाचे मूळ नाव, कंपनी, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख आणि परवाना क्रमांक दिसायला हवा. तो कसा वाचायचा हे ताईंनी सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीवर मला दाखवले. तेव्हापासून घरी आलेली प्रत्येक नवी खोकी मी एकदा वाचून पाहते. यजमान याला माझा नवा छंद म्हणतात.

चिठ्ठीच्या बाबतीत हे दुकान काटेकोर आहे, आणि नव्या गिऱ्हाइकाला त्याचा थोडा जाच होतो. स्ट्रिपच्या कडेला लाल उभी रेघ असलेले प्रतिजैविक येथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सासूबाईंची झोपेची गोळी अल्प्राझोलाम आहे. ती शेड्यूल एच-१ या कायदेशीर औषधसूचीत येते. हे शेड्यूल मार्च २०१४ पासून लागू आहे आणि त्यातल्या औषधांच्या विक्रीची, डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या नावांसह स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. ताई ही नोंद प्रत्येक वेळी करतात. चिठ्ठीची मुदत उलटली म्हणून एकदा त्यांनी मला रिकाम्या हाताने परत पाठवले होते. त्या रात्री सासूबाई जागरण करत ताईंचा उद्धार करीत होत्या.

डिसेंबर २०२५ च्या शेवटी निमेसुलाइड या वेदनाशामक औषधाची बातमी आली तेव्हा दुकानात गर्दी उसळली होती. बातमीचा मथळा ‘निमेसुलाइडवर बंदी’ असा होता. अधिसूचना मात्र तोंडाने घेण्याच्या, लगेच विरघळणाऱ्या स्वरूपातल्या १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रेपुरती होती. यकृताला होऊ शकणारी इजा हे त्यामागचे मुख्य कारण होते. बारा वर्षांखालील मुलांसाठी हे औषध २०११ पासूनच बंद आहे. ताईंनी वरच्या मात्रेचा माल त्याच दिवशी कपाटातून काढून ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यात टाकला आणि सदाशिव पेठेतल्या घाऊक विक्रेत्याकडे परत पाठवला. १०० मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीवर देणे त्यांनी चालू ठेवले, पण गुडघेदुखीसाठी ती महिनोन्महिने घेणाऱ्या शेजारच्या आजोबांना त्यांनी यकृताची तपासणी शेवटची केव्हा केली होती, असे विचारले. आजोबांना आठवेना. पुढच्या आठवड्यात ते डॉक्टरांकडे जाऊन आले आणि आता वेगळी गोळी घेतात.

मेफेनॅमिक ॲसिडचेही असेच. मासिक पाळीतल्या पोटदुखीसाठी वसतिगृहातल्या मुली ही गोळी हक्काने मागतात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस औषधसंहिता आयोगाने तिच्यामुळे ‘ड्रेस’ नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा दिला: अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणे, आणि हे सारे औषध घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी, म्हणजे गोळी विसरून गेल्यावर. ताई मुलींना एवढेच विचारतात की या गोळीनंतर पूर्वी कधी पुरळ उठले होते का. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. तो विचारणारे दुसरे दुकान मला या भागात आढळलेले नाही.

नव्याने मंजूर झालेल्या औषधांविषयी लोकांची उत्सुकता भलतीच असते आणि या दुकानातले सर्वांत मनोरंजक संवाद त्यावरूनच झडतात. २०२४ मध्ये पिलोकार्पिनच्या ‘प्रेसव्हू’ या थेंबांना चाळिशीच्या दृष्टिदोषासाठी मंजुरी मिळाली, आणि हे थेंब घातले की वाचण्याचा चष्मा सुटतो, असा गाजावाजा झाला. आमच्या यजमानांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन चौकशी केली. पिलोकार्पिन हे काचबिंदूसाठी फार पूर्वीपासून वापरले जाणारे औषध आहे. ते बाहुली आकुंचित करते, त्यामुळे जवळचे काही तास नीट दिसते आणि परिणाम ओसरला की चष्मा पुन्हा नाकावर येतो, असे ताईंनी त्यांना सांगितले. मंजुरीच्या पलीकडचे दावे केल्याच्या कारणावरून औषध नियंत्रकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती मंजुरी स्थगित केली. यजमानांनी मग लक्ष्मी रस्त्यावर जाऊन चष्म्याची नवी फ्रेम घेतली.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोव्ही आणि डिसेंबरमध्ये ओझेम्पिक ही नावे भारतीय बाजारात आली. वेगोव्ही आणि ओझेम्पिकमधला मूळ घटक असलेल्या सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ मध्ये संपणार असल्याने देशी कंपन्यांच्या इंजेक्शनच्या स्वस्त पेनांची वाट पाहणारे अनेक जण होते. माझा भाचा त्यांपैकी एक. त्याचे लग्न मे महिन्यात ठरले होते आणि शेरवानीच्या मापासाठी त्याला दहा किलो वजन कमी करायचे होते. कोणा मित्राच्या ओळखीने, चिठ्ठीशिवाय पेन मिळण्याची सोय झाली होती. केवळ किमतीची खात्री करण्यासाठी तो माझ्याबरोबर आला. ताईंनी किंमत सांगण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारले: स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, आणि मित्राकडचे पेन कोणत्या तापमानात ठेवलेले आहे. शेवटच्या प्रश्नावर भाचा गप्प झाला. न उघडलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, ते एकदा गोठले तर निकामी होते आणि खोक्याविना सुटे मिळणारे पेन कोणी भरले हे कोणालाच सांगता येत नाही. पेन न घेता भाचा एका अंतःस्रावतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी त्याला इंजेक्शन दिलेच नाही. त्याचे वजन या इंजेक्शनसाठी ठरलेल्या मर्यादेतच बसत नव्हते.

त्याच दिवशी ताईंनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला अगोदर ठाऊक नव्हती. २०१९ च्या नियमांनुसार मंजुरी मिळालेले औषध साधारणपणे चार वर्षे कायद्याच्या दृष्टीने ‘नवेच’ मानले जाते आणि कंपनीला त्याच्या सुरक्षिततेचा अहवाल पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी व पुढची दोन वर्षे वर्षातून एकदा द्यावा लागतो. लसींसारखी काही उत्पादने तर कायम नवीच धरली जातात. चाचण्यांमध्ये काही शे किंवा काही हजार माणसे असतात, त्यामुळे दहा हजारांत एकाला होणारा त्रास बाजारात आल्यावरच दिसतो. ‘नवे औषध’ या शब्दांतला ‘नवे’ हा भाग इतके दिवस मी केवळ कौतुकाच्या अर्थाने वाचत होते.

मात्र दुष्परिणाम नव्याच औषधाचे उशिरा कळतात, असेही नाही. माझाच अनुभव सांगते. कोथरूडमध्ये जिथे पाहावे तिथे बांधकाम चालू आहे आणि त्या धुळीने मी चार वर्षे रोज रात्री लेव्होसेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेत होते. गेल्या जुलैमध्ये पाऊस स्थिरावल्यावर गोळी थांबवली, आणि तिसऱ्या दिवशी तळहातांपासून टाळूपर्यंत अशी खाज सुटली की झोप उडाली. ॲलर्जी उसळली असे समजून मी गोळी पुन्हा सुरू केली, खाज गेली. थांबवली, परत आली. असे तीनदा झाले. चौथ्यांदा गोळ्या आणायला गेले तेव्हा ताईंनी विचारले, “काकू, पुरळ दिसते का? शिंका आहेत का? की नुसतीच खाज?” नुसतीच खाज होती. त्यांनी फाइल उघडून मे २०२५ ची अमेरिकी औषध प्रशासनाची सूचना दाखवली: सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन एकदम थांबवले तर काही जणांना तीव्र खाज सुटते, जगभरातून अशा २०९ रुग्णांची नोंद त्यांनी तपासली होती. ही गोळी घेणाऱ्यांची संख्या पाहता तो आकडा अगदी छोटा आहे, हेही ताईंनी लगेच सांगितले. पण मी त्या थोड्यांत होते, आणि ज्याला मी आजार समजत होते तो औषध सोडण्याचा परिणाम होता. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवून दिली. सहा आठवडे लागले.

त्या गोळीच्या जोडीला मॉन्टेल्युकास्ट हे दमा-ॲलर्जीवरचे औषध असलेली मिश्र गोळी यजमान घेत असत. मॉन्टेल्युकास्टबद्दल २०२० मध्ये अमेरिकेत सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला गेला होता, कारण काहींना भयंकर स्वप्ने पडतात, मन उदास होते, आत्महत्येचे विचार येतात. यजमानांना असे काही झाले नाही. परंतु तसा प्रश्न त्यांना त्या काउंटरवर पहिल्यांदाच कोणी विचारला.

ताईंनी मला माझ्या खाजेची नोंद सरकारकडे करायला लावली, आणि या सेवेची माहिती फार थोड्यांना आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक असून ग्राहकांसाठी निराळा फॉर्मही आहे. रुग्णाची आद्याक्षरे व वय, संशयित औषध, झालेला त्रास आणि कळवणाऱ्याची ओळख एवढ्या चार गोष्टी असल्या की नोंद होते. औषधानेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली नसते. फॉर्ममध्ये बॅच क्रमांकाचा रकाना आला तेव्हा मला आठवायची गरज पडली नाही, पाकिटे खणात होतीच. भरून पाठवायला वीस मिनिटे लागली. ताईंनी त्यातली पाच मिनिटे ‘खाज’ आणि ‘पुरळ’ यांतला फरक नीट लिहून घेण्यात घालवली, आणि मागे चार माणसे उभी होती. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याचे मी टाळले.

दुकानाच्या उणिवा मोठ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली म्हणजे सगळा भार एका माणसावर आहे. ताई काउंटरवर असताना आणि नसताना ही दोन वेगळी दुकाने आहेत. दीड वर्षापूर्वी त्या गावाला गेल्या असताना बदली फार्मासिस्टनी सासूबाईंना थायरॉक्सिनची ५० ऐवजी ७५ मायक्रोग्रॅमची बाटली दिली. बाटल्या सारख्याच दिसतात, मीही घरी येऊन पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला ताईंचा फोन आला. परत आल्यावर बिले आणि आमची जुनी चिठ्ठी त्यांनी ताडून पाहिली होती. दोन दिवसांच्या जादा मात्रेने काही बिघडले नाही. त्यांनी बाटली स्वतः येऊन बदलली आणि तेव्हापासून थायरॉक्सिनच्या निरनिराळ्या मात्रा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या आहेत. चूक झाली, ती त्यांनीच शोधली आणि कबूल केली. तरी ती झाली, हेही खरे.

दुसरी उणीव वेळेची. डोकेदुखीच्या दोन गोळ्यांसाठी पंचवीस मिनिटे उभे राहणे सर्वांना परवडणारे नाही आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रत्येक दिवशी इतकी चौकशी हवीच असते, असेही नाही. कधी कधी ताईंचा स्वर शाळेतल्या बाईंसारखा होतो. घरपोच सेवा फक्त आजूबाजूच्या गल्ल्यांपुरती आहे. इन्सुलिन मात्र उन्हाळ्यात त्या मुलाच्या हाती देतच नाहीत, बर्फाच्या पिशवीसह आपण स्वतः न्यावे असा आग्रह असतो. स्वस्त पर्यायी कंपनीची गोळी आपणहून सुचवण्यात दुकान हात आखडते घेते. विचारले तर दाखवतात, पण विचारावे लागते, आणि महिन्याला तीन-चार हजारांची औषधे लागणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. आमची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांच्या संमतीने आता जनऔषधी केंद्रातून येते. ताईंना ते सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत. स्ट्रिप घेऊन या, घटक आणि मात्रा पाहून देते, एवढेच म्हणाल्या.

दुकान सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ उघडे असते, रविवारी संध्याकाळी बंद. यूपीआय चालते. नवे औषध सुरू होणार असेल किंवा मात्रा बदलली असेल तर सकाळी अकराच्या आत जावे, तेव्हा ताई हमखास असतात आणि गर्दी नसते. चिठ्ठी, आधीचे बिल आणि मिळाल्यास रिकामी स्ट्रिप सोबत न्यावी. ‘ती पांढरी, गोल, छोटी गोळी’ एवढ्या वर्णनावर या दुकानात काहीही मिळत नाही.